आमचं धरण

...नाही, पण शिक्षकाने तोंड उघडलं की संघ बाद, हा नियम कुठल्या शहाण्याने केला हो? मुलांनी देशांचे प्रतिनिधी व्हायचं, खोट्या परिषदेत खरं भांडायचं, ते ठीक. पण ज्याने महिनाभर घसा कोरडा करून शिकवलं, त्याने मागच्या खुर्चीत बसायचं... तोंडाला कुलूप लावून!

तुम्हाला सांगतो, आमच्या वाट्याला आला नदीच्या वरचा देश. आम्हाला धरण बांधायचं, खालच्या देशाचा विरोध. बोलणार होता आमचा पोपट, वर्गातला सगळ्यात बोलका, आणि ऐन सकाळी पोपटाचा घसा बसला! नुसती हवा! राहिली कोण? पुटपुट. ही पोरगी 'हजर' म्हणते तेही फक्त तिच्या बाकाला ऐकू येतं. सरावात पोपटाशी भांडायला कुणीतरी हवं म्हणून मी तिला रोज खालचा देश करायचो, एवढाच काय तो तिचा अनुभव. दाराशी मला म्हणते, "सर, आज नाही जमलं ना, तर मी परत कधीच उभी नाही राहणार." "जमेल गं," म्हटलं, आणि मागच्या खुर्चीत जाऊन बसलो.

नाव पुकारलं. उभी राहिली. ओठ हलतायत, आवाज नाही! माइक खरखरतोय, समोरचा टायवाला खालचा देश गालात हसतोय, अध्यक्ष घड्याळ बघतायत... आणि मी? तोंडाला कुलूप! अगं बोल ना बाई! जीव नुसता टांगणीला!

आणि बोलली! काय बोलली म्हणून सांगू! "आमची शेतं वाळली तर जबाबदार कोण? आमच्या वाट्याचं पाणी अडवायचा हक्क तुम्हाला दिला कुणी?" टेबलावर हात आपटून! माझ्या डोळ्यांत पाणी... आणि मग डोक्यात प्रकाश पडला. अहो, शेतं कुणाची वाळणार? खालच्यांची! धरण आमचं! ही बया सवयीने समोरच्यांचीच बाजू मांडतेय! ओरडू? संघ बाद! कुलूप!

टाळ्यांचा कडकडाट. मतदान झालं, आमचं धरण गेलं वाहून. टायवाल्याला फार काही बोलावंच लागलं नाही. करंडक उचलताना "आभारी आहे" म्हणाला, तेवढंच.

परत येताना गाडीत म्हटलं, हळूच समजवावं. "बेटा, छान बोललीस. फक्त... आपण वरचे होतो गं." तर अख्ख्या गाडीला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणते कशी, "माहितीये सर, मध्येच लक्षात आलं माझ्या. पण आपलं चुकतच होतं ना!"

आता सांगा! परिषद संपली होती, नियम उठला होता, बोलायला मोकळा होतो मी... पण पोरीने बोलायला ठेवलंय काय?