ईस्टरच्या पहाटेची माफी

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा आणि मला एक सांगा. देवाची स्तुती केली म्हणून कधी कुणाची माफी मागावी लागते का? मागच्या रांगेतले काका मान हलवताहेत — नाही म्हणे! स्तुतीची कसली माफी? बरं काका. शांतवन उजागरे या ख्रिस्ती पाळकांनाही अगदी तसंच वाटायचं. त्यांचीच गोष्ट ऐका.

हे शांतवन आपल्या राहुरीकडचे. बायको सालोमी, नर्स. तिला आयर्लंडमध्ये इस्पितळात नोकरी लागली, आणि पाळकसाहेब तिच्यामागोमाग ढोलकी घेऊन विमानात बसले. देवानेच पाठवलं, असं सांगायचे. हसू नका! बायकोनं नेलं आणि देवानं पाठवलं — दोन्ही खरं असू शकतं.

तिथल्या एका लहान गावात आपल्याकडच्या नर्सबायांची चार-दोन घरं होती. त्यांना गोळा करून शांतवनांनी उपासनेची मंडळी उभी केली. गावचा सार्वजनिक हॉल रविवारी दुपारी मिळायचा. पण कुणाची रविवारी ड्यूटी, कुणाचं पोर तापलेलं. कधी कधी बोलणारा एक आणि ऐकणाऱ्या तिघी! त्यांतली एक सालोमी, रात्रपाळी करून आलेली, उपदेशात पेंगायची. आपल्याकडे रात्रपाळी न करताही पेंगतात, ते सोडा.

आणि गावातलं? कुणीसुद्धा फिरकेना. शांतवन दारोदार पत्रकं वाटायचे. लोक हसून घ्यायचे, आभार मानायचे आणि हळूच दार लावायचे. वर्षं गेली अशी. माणसाचा जीव तुटायचा, मंडळी. बी पेरून रोज उकरून पाहावं आणि कोंब दिसू नये, तसं झालं होतं.

मग ईस्टर आला. ईस्टरला आपण काय करतो? प्रभातफेरी! तांबडं फुटायच्या आधी उठायचं, ढोलकी, झांजा, आणि 'प्रभू उठला' म्हणत गावभर फिरायचं. ज्याच्या दारापुढं आवाज कमी पडेल तो वर्षभर रुसतो! शांतवन म्हणाले, यंदा इथंही फेरी काढू. सालोमीनं विचारलं, रस्त्यावरच्या लोकांना आधी सांगायला नको का? तर म्हणतात कसे —

"अगं, आनंदाची बातमी कुणी विचारून देतं का?"

निघाली फेरी! कडाक्याची थंडी, साडीवर जाड कोट, आणि त्या चिडीचूप रस्त्यावर ढोलकी कडाडली. एकेका खिडकीत दिवे लागले. शांतवनांना वाटलं, गाव जागं झालं. अहो, झालंच होतं की! कुत्री भुंकायला लागली, झोपेच्या कपड्यांतली माणसं दारात आली. शांतवनांनी त्यांना हात केला आणि मागं वळून म्हणाले, आणखी जोरात म्हणा. वळणावर पोलिसाची गाडी उभी होती. पोलीस भला माणूस. अजून उजाडलं नाही, घरी जा, एवढंच बोलला.

पण आठवड्यात हॉलच्या समितीचा निरोप आला. रस्त्यावरच्या घरांनी तक्रार केलीय, महिनाअखेर सभा घेऊ, लोक नको म्हणाले तर हॉल बंद. गावात दुसरी जागा नव्हती. हॉल गेला की मंडळी गेली, इतकं सरळ होतं ते.

नर्सबाया म्हणाल्या, माफी मागून टाका. पाळक ताठ! प्रभू उठला हे सांगितलं, त्याची माफी? मग प्रभूला कोणतं तोंड दाखवू? दोन दिवस धड जेवले नाहीत. शेवटी सालोमीनं ताट बाजूला सारलं.

"अहो, मी रात्रपाळीहून येऊन झोपते, तेव्हा तुम्ही फोनवर बोलायलासुद्धा घराबाहेर जाता. माझी झोप म्हणून जपता ना? मग त्यांची काय रस्त्यावर पडली होती? स्तुतीची माफी नका मागू. झोपमोडीची मागा."

झालं! आता याच्यावर कोणता पाळक काय बोलणार?

करंज्या तळल्या, डबे भरले, आणि दोघं घरोघर निघाली. कुणी हसलं, कुणी चांगलं झापलं, कुणी आत बोलावून चहा पाजला. पत्रकाला न उघडणारी दारं माफीला उघडत होती, हे पाहून शांतवन चकित झाले. शेवटचं दार हॉलसमोरचं. डोनल नावाचा म्हातारा राहायचा तिथं. आपण डोनलबाबा म्हणू. त्यानं डबा घेतला नाही, आवाजही चढवला नाही.

"माझी बायको अंथरुणाला खिळलीय. दुखण्यापायी तिचा कित्येक रात्री डोळा लागला नव्हता. त्या पहाटे लागला होता. आणि तुम्ही आलात."

शांतवनांना बायबलातलं एकही वचन आठवेना. इतकी वर्षं तोंडपाठ असलेलं सगळं कुठं गेलं कोण जाणे. डोळे भरून आले. मला माहीत नव्हतं, असं म्हणाले, आणि लगेच थांबले. "माहीत करून घ्यायला हवं होतं, बाबा. चुकलं माझं."

सालोमीनं विचारलं, त्यांच्यापाशी कोण बसतं? तो म्हणाला, मीच. आणि तुम्ही झोपता कधी? त्यानं दार पुरतं उघडलं.

त्या दिवसापासून आपल्या नर्सबाया आळीपाळीनं डोनलबाबाच्या बायकोच्या, ब्रीजेटमायच्या, उशाशी बसू लागल्या. दुपारची पाळी शांतवनांची! पायातले बूट दाराशी काढायचे, तिचे ओठ ओले करायचे, उशी सारखी करायची आणि गप्प बसायचं. उपदेश नाही, पत्रक नाही. पलीकडच्या खोलीत डोनलबाबा घोरायचा, आणि ते घोरणं ऐकून शांतवनांना भजन ऐकल्यासारखं बरं वाटायचं.

सभेच्या थोडे दिवस आधी माय गेली. तरी म्हातारा सभेला आला. सगळे त्याच्याकडे पाहू लागले. तो नाही म्हणाला असता, तर विषय तिथंच संपला असता. काठीवर भार देऊन उभा राहिला.

"या लोकांनी माझ्या बायकोची झोप मोडली. ते मी विसरलेलो नाही. पण तिच्या शेवटच्या दिवसांत मला झोप मिळाली, कारण हे जागे होते. हॉल यांच्याकडेच राहू द्या."

मास्तर, पेटी धरा —

*आधी लववू या मान, मग आळवू या गान,*
*ज्याचे दुखविले मन, त्याचे धरू या चरण!*

मंडळी वाढली का, विचारताय? वाढली. शेजारपाजारचे येतात, डोनलबाबा येतो, भजनाचा अर्थ कळत नसला तरी मान डोलावतो. किती जण, ते विचारू नका. शांतवनांनीही मोजायचं सोडलंय.

आता तुमच्याकडे वळतो. आज तुम्ही हौसेनं त्या खांबावर कर्णा लावलाय. त्याचं तोंड कोणत्या खिडकीकडे आहे, पाहिलंत? त्या घरात कोण आजारी आहे, कुणाला ठाऊक आहे? काका, तुम्हाला? ताई, तुम्हाला? नाही ना! मलाही नाही, आणि मी तासभर त्याच खिडकीत ओरडतोय.

मास्तर, थांबा. तो कर्णा आधी बंद करा. पुढचं भजन नुसत्या तोंडानं म्हणू, हळू. आणि सकाळी माझ्याबरोबर त्या घरी कोण येणार, त्यांनी हात वर करा.