पेन्सिल न लावलेला फोटो

आदरणीय अध्यक्षमहाराज, व्यासपीठावर बसलेले आमच्या हायस्कूलचे मुख्याध्यापक सर, माझा मोतीबिंदू सगळ्यांत आधी ओळखणारे डॉक्टरसाहेब, व्यापारी मंडळाचे सन्माननीय सभासद, समोर बसलेल्या माता-भगिनी, आणि ज्यांच्या मुंजी-लग्नांचे फोटो काढता काढता माझे केस पिकले ते माझे लोणावळेकर मित्रहो,

मी श्रीधर गोडांबे, धंद्याने फोटोग्राफर. गेली सव्वीस वर्षं तुम्हाला "हसा, हसा" म्हणत आलो, आणि आज तुम्ही सगळे हसताय तर माझ्याच तोंडावर हसू येत नाही. परवा मुलाकडे नाशिकला जायचं आहे. डोळ्यांनी दगा दिला. आंधळा फोटोग्राफर म्हणजे दात पडलेला हलवाई, दुकानात ठेवून उपयोग काय?

मंडळानं शाल दिली, श्रीफळ दिलं, मानपत्र वाचलं. मानपत्रातला 'प्रकाशाचा किमयागार' हा शब्द कोणाचा? सर, तुमचाच असणार. आभारी आहे. पण त्याआधी एक विनंती. माझ्या पाठीमागे मंडळानं माझा बक्षीसपात्र फोटो मोठा करून लावलाय, आणि कोणीतरी प्रेमाने त्याला झेंडूचा हार घातलाय. अहो, तो हार काढा आधी! त्या फोटोतली बाई जिवंत आहे. वराळ्याला असते, तळेगावाजवळ. जिवंत माणसाच्या फोटोला हार घालतात का? कोणीतरी उठा बघू. हां. बाजूला खुर्चीवर ठेवा. तुमचा दोष नाही. तुम्हाला वाटलं, कलाकृती आहे, कलाकृती कधी जिवंत असते का?

आता हार काढायला लावला, तर कारणही सांगितलं पाहिजे. मी आभाराचे चार शब्द बोलून खाली बसणार होतो. पण आल्या आल्या हा फोटो दिसला आणि पाठ केलेलं भाषण साफ विसरलो. चालेल ना, अध्यक्षमहाराज? चहा थोडा थंड होईल.

तुमच्यापैकी जुन्यांना माझं यंत्र आठवत असेल. पुण्याच्या जुन्या बाजारातून मी एक मॅजिक लँटर्न आणला होता. काचेवरची चित्रं पडद्यावर दाखवायचा पत्र्याचा दिवा. त्याच्या पोटातला मूळ बल्ब काढून मी तिथे फ्लॅशचा बल्ब बसवला. पुढे काचेची चकती, चकतीपुढे भिंग. फ्लॅश उडाला की काचेवर जे असेल ते डोळ्याचं पातं लवायच्या आत समोरच्या माणसावर उमटायचं. माणसाला दिसायचं नाही. कॅमेऱ्याला तेवढं पुरायचं. खिडकीचे गज, जाळी, ढग, काय वाटेल ते मी लोकांच्या अंगावर टाकलं. मुंबईहून थंड हवेला आलेली जोडपी रांग लावायची. फ्लॅशचा बल्ब एकदा उडाला की गेला, म्हणून एका फोटोला एकच संधी. त्यातली नशा वेगळीच होती, ती तुम्हाला सांगून कळणार नाही.

माझा सगळ्यांत लाडका तुकडा म्हणजे आवळ्याची डहाळी. बोटभर डहाळी दोन काचांमध्ये दाबून बसवलेली. तिची बारीक बारीक पानं चेहऱ्यावर पडली की वाटायचं, माणूस झाडाखाली उन्हात बसलाय.

चौसष्ट सालची गोष्ट. वराळ्याचे भिमाजी नावाचे शेतकरी मुलीला घेऊन आले. मुलगी कस्तुरा, अठरा-एकोणीस वर्षांची. लहानपणी देवी आल्या होत्या, डाव्या गालावर आणि कपाळावर वण. स्थळ आलं होतं. मुलगा हौशीराम, लष्करात ट्रक चालवायचा, आसामात. त्याला रजा मिळेना, म्हणून फोटो पाठवायचा होता. भिमाजी मला एवढंच म्हणाले, "मास्तर, जरा बरा काढा."

बस, एवढंच. वण लपवा असं तो बापडा बोललासुद्धा नाही. माझ्यातला किमयागार जागा झाला, सर! आपण निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून वण बुजवतो, त्याला रिटचिंग म्हणतात, ते त्या काळी खेड्यातल्या लोकांनाही ठाऊक होतं. मी म्हटलं, पेन्सिल कशाला? आवळा आहे ना! दिव्याच्या पोटात, फ्लॅशच्या जागी छोटी बॅटरी धरून सावली जुळवली. प्रत्येक वणावर एक पान, किंवा दोन पानांमधला कवडसा. पाऊण तास मी त्या पोरीच्या गालाशी खटपट करत होतो. ती एकदाच बोलली. "माज्या तोंडावर पाला कशापाई वं?" मी म्हटलं, "गप्प बस, ही कला आहे."

फोटो काय आला म्हणून सांगू! तो तुम्ही बघताच आहात. एक वण शोधून दाखवा.

पंधरा दिवसांनी मुलाचे चुलते आले, सोपानआबा. वडील वारलेले, तेच कर्ते. ते मुलगी बघून आले होते, पण आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. होणारी सून पदर घेऊन, मान खाली घालून पाण्याचा तांब्या ठेवून जाते. सासऱ्याच्या जागचा माणूस तिच्या तोंडाकडे टक लावून थोडाच बघतो? कानावर मात्र कुजबूज आली होती. पुन्हा वराळ्याला जाऊन "पोरीचं तोंड दाखवा" म्हणणं म्हणजे भिमाजीचा अपमान. म्हणून आबा गुपचूप माझ्याकडे आले. फोटो पुढे ठेवला.

"मास्तर, खरं सांगा. ह्याच्यावर पेन्सिल मारलीया का?"

"नाही," मी म्हटलं.

"निगेटिव्ह दावा."

दाखवली. उजेडाकडे धरून, उलटीपालटी करून त्यांनी ती पाहिली. स्वच्छ होती. मग म्हणाले, "पोरगं लांब हाय, उद्या माज्या नावानं बोटं मोडाया नगं. फोटूच्या मागं लिवून द्या."

आणि मी लिहून दिलं, मित्रहो. फोटोच्या पाठीवर, ठळक अक्षरात, 'ह्या फोटोवर पेन्सिल लावलेली नाही', खाली सही आणि स्टुडिओचा शिक्का. एक अक्षर खोटं नव्हतं त्यात. वर मनात खूश होतो, की म्हातारा बरोबर प्रश्न विचारायला चुकला! आज विचारतो स्वतःला, श्रीधर, त्या पोरीनं तुझं काय घोडं मारलं होतं रे?

सर, पाणी नको. बसा तुम्ही.

वैशाखात लग्न लागलं. मुलाला दहा दिवसांची रजा. फोटो काढायला अर्थातच मी. अक्षता पडल्या, हार घातले, तोवर मुंडावळ्या आणि पदर, कोणी कोणाला बघतंय? मग मी जोडीला मांडवाच्या कडेला उभं केलं. भर दुपारचं ऊन होतं. माझं नेहमीचं सुरू झालं. "वहिनी, पदर जरा मागे. मान वर. नवरदेव, माझ्याकडे नका बघू, वहिनींकडे बघा."

त्यानं बघितलं. मीच बघायला लावलं हो त्याला!

तो काही ओरडला-बिरडला नाही. शांतपणे खिशातनं पाकीट काढलं, पाकिटातून तिचा तो फोटो काढला, उलटा केला आणि माझं अक्षर माझ्यासमोर धरलं. "ह्ये तुमीच लिवलंय न्हवं?"

"हो."

"मंग ह्यी कोन?"

मी काय करावं? यंत्र समजावून सांगायला लागलो! भरल्या मांडवात, लँटर्न, भिंग, आवळा. ट्रक चालवणारा माणूस, यंत्र त्याला चटकन कळलं. म्हणाला, "म्हंजी मास्तर, उजेडानं बी खोटं बोलता येतंय." कस्तुरा तिथेच उभी होती, मान वर करून, मी सांगितली होती तशी. तिला मान खाली घाल म्हणायलाही मला सुचलं नाही.

वणांचं त्याला काही वाटलं नसतं, असं लोक नंतर म्हणाले. त्याच्या सख्ख्या आईला वण होते. फसवलं, हे त्याला लागलं. चौथ्या दिवशी तो आसामला गेला. त्यानंतर रजा आली की मावशीकडे साताऱ्याला, नाहीतर तिकडेच. दुसरं लग्न केलं नाही, हिला नेलं नाही, सोडलंही नाही. दोन वर्षं ती सासरी राबली, मग भिमाजींनी माहेरी आणली.

मी हातपाय हलवले नाहीत असं समजू नका. सोपानआबांकडे गेलो. ते म्हणाले, "तुमी माज्या तोंडावर खोटं बोलला असता तर भांडलो तरी असतो. आता काय बोलू?" आसामला दोन पत्रं लिहिली, सगळा दोष माझा म्हणून. उत्तर नाही. भिमाजींच्या पायावर डोकं ठेवलं. तर तेच मला समजावायला लागले, "तुमी चांगल्यासाटनंच केलं." लोकहो, शिवी परवडली. आणि त्याच साली माझ्या एका हितचिंतकानं हा फोटो पुण्याच्या प्रदर्शनात पाठवला आणि त्याला पहिलं बक्षीस मिळालं. घ्या! पाठवू नका म्हणायला माझ्या तोंडाला काय झालं होतं, ते मला अजून कळलेलं नाही. ते यंत्र मी त्यानंतर माळ्यावर टाकलं. त्यानं कोणाचं काय भलं झालं म्हणा.

हे सगळं चव्हाट्यावर का मांडतोय असं वाटेल. परवाच कस्तुराला विचारून घेतलं. ती म्हणाली, "सांगा की. गावाला कुटं ठावं न्हाई?"

आता खरं सांगायचं ते सांगतो. गेल्या श्रावणात स्टुडिओच्या पत्त्यावर एक पाकीट आलं. आसामचं. नऊ वर्षांनी! चार ओळी. 'आपण काढलेला फोटो इकडच्या ओलीने खराब झाला आहे. त्याच निगेटिव्हवरून एक प्रत काढून पाठवावी. हौशीराम.' बायकोची चौकशी नाही, नावसुद्धा नाही. पण नऊ वर्षं त्या माणसानं तो फोटो जवळ बाळगला होता, हेही खरं ना?

पत्र घेऊन मी वराळ्याला गेलो. कस्तुरा चौथी शिकलेली आहे. तिनं ते दोनदा वाचलं, घडी घातली, पुन्हा उघडलं. मग विचारलं, "मास्तर, ह्यांनी माजा फोटू मागितलाय, का त्या पोरीचा?"

आहे कोणाकडे उत्तर? सर, तुमच्याकडे?

दुसऱ्याच दिवशी ती घोरावाडी स्टेशनवर गाडीत बसून एकटी लोणावळ्याला आली. खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "पाला नगं. दिवा नगं. खिडकी उगडा." मी खिडकी उघडली. वण, चेहऱ्यावर आलेल्या रेघा, सगळं दिसत होतं. तिनं सरळ कॅमेऱ्यात बघितलं. पहिली प्लेट वाया गेली, दुसरी बरी आली.

प्रत वाळल्यावर तिनं ती बराच वेळ बघितली. "आवंदा म्हातारी दिसाया लागले की मी," म्हणून जराशी हसली. मग म्हणाली, "ह्यो खरा हाय, ह्ये त्यांला कशावरनं कळंल? त्यांला वाटंल, ह्यो बी तुमीच केलाय."

मी म्हटलं, "बाई, मी मागे लिहून देतो, सही-शिक्क्यानिशी."

"नगं नगं!" तिनं फोटो माझ्या हातातनं ओढूनच घेतला. "तुमी लिवलं की खोटं वाटंल."

सव्वीस वर्षांच्या धंद्यात मला मिळालेलं हे खरं मानपत्र. सर, राग मानू नका. तुमचंही छान आहे.

फोटोची पाठ कोरी ठेवून तिनं तो स्वतःच्या हातानं पाकिटात घातला. पत्ता मात्र मी घातला, कारण इंग्रजीत घालायचा होता. पोस्टात आम्ही दोघं मिळून गेलो. त्याला आता पाच महिने झाले. रोज पोस्टमन दिसला की मी दारात येतो. तो लांबूनच मान हलवतो. महिन्यातून एकदा कस्तुरा येते. आत येत नाही, उंबऱ्याशी उभी राहून विचारते, "आलं का वं?" मी "नाही अजून" म्हणतो, आणि ती म्हणते, "लय लांब हाय त्ये," जणू मलाच समजावते. परवाही तसंच झालं.

तर आता येत्या परवा मी नाशिकला जाणार. स्टुडिओ बजरंगरावांनी घेतलाय. कुठे आहेत? तिथे मागे, खांबापाशी. बजरंगराव, उभे राहा जरा, लोकांना दिसू द्या. कष्टाळू माणूस आहे, फोटो स्वच्छ काढतो. कृपा करून मला दिलात तसाच पाठिंबा त्यालाही द्या, मंडळी.

बजरंगराव, कॅमेरे दिले, पार्श्वभूमीचे पडदे दिले, किल्ल्या दिल्या. राहिलं एकच. पत्र आलं तर स्टुडिओच्याच नावावर येणार, कारण पाकिटामागे पाठवणाऱ्याचा पत्ता आपलाच आहे. ते फोडू नका. पोस्टानं पुढे धाडू नका, स्वतः घेऊन जा. वराळ्यात भिमाजींचं घर कोणीही दाखवेल. तिच्या हातात द्या आणि ती वाचत असताना तिच्या तोंडाकडे बघत उभे राहू नका. आणि पत्र आलं नाही, अन ती दारात येऊन उभी राहिली, तर तिला काय सांगायचं ते... ते मला पाच महिन्यांत जमलं नाही, बजरंगराव. तुम्हाला काय शिकवू?

अध्यक्षमहाराज, आपण शेवटपर्यंत ऐकून घेतलंत. मंडळाचे, सरांचे, डॉक्टरसाहेबांचे, सतरंज्या घालणाऱ्यांपासून चहा करणाऱ्यांपर्यंत सगळ्यांचे मनापासून आभार. निरोपाच्या गोड प्रसंगी मी हे काय काढून बसलो, असं वाटलं असेल तर म्हाताऱ्याची चूक म्हणून पोटात घाला. माझ्या कॅमेऱ्यापुढे आलेल्या कोणावर आणखी काही अन्याय झाला असेल, तर तोही आजच सांगून टाका. उद्याचा एक दिवस मी इथे आहे, आणि सकाळच्या टपालापर्यंत स्टुडिओतच बसलेला असेन.

नमस्कार.