बिल्ला क्रमांक दोनशे बारा

...आणि तारीख कोणती? सात ऑक्टोबर! सकाळी धुकं, आणि संध्याकाळपासून तीन दिवस पाऊस असं रेडिओ बोंबलत होता. तुम्हाला सांगतो, फुलावर आलेल्या गांज्याला तीन दिवसांचा पाऊस म्हणजे बुरशीला जेवणाचं आमंत्रण! सगळं ऍपलगेट खोरं कात्र्या घेऊन शेतात, आणि माझ्या फाटकात कोण उभं? राज्याच्या खात्याच्या तपासनीस, मिस टॅकेट!

आता आमच्या राज्यात परवाना काढून गांजा लावता येतो, पण कायदा असा, की प्रत्येक झाडाच्या बुंध्याला सरकारी बिल्ला. झाड वाढलं, कापलं, वजन किती, सगळं त्या बिल्ल्यावरून संगणकात. म्हणजे झाड मेलं तरी चालेल, बिल्ला जगला पाहिजे!

बाईंनी बिल्ले वाचणारं यंत्र फिरवलं. टिंग, टिंग, टिंग... दोनशे अकरा. "ऑस्ट्रँडरसाहेब, संगणकात दोनशे बारा जिवंत आहेत. एक कुठं गेलं?"

"मेलं हो! जुलैत गारा पडल्या, मोडलं. नोंद आहे ना, माझ्या वहीत!"

"वहीत?" बाई अशा म्हणाल्या, जणू मी शिलालेख दाखवतोय. "चोरून विकलं नाही कशावरून? बिल्ला दाखवा. तोवर एक फांदी कापायची नाही."

झालं! सव्वीस वर्षं रोज वही लिहितोय मी, आणि वर्षाचं पीक अडकलं एका प्लास्टिकच्या पट्टीवर! कोठार शोधलं, हत्यारांची पेटी उपसली... डोंगरावर ढग चढायला लागले. ओसरीतून आमची रोवेना, "लग्न त्या वहीशीच लावायचं होतंत, मला कशाला आणलंत?" आहे की नाही? झाड मेलं तरी चालेल, बिल्ला जगला पाहिजे!

तेवढ्यात बाई गोठ्यावरून निघाल्या, हातात यंत्र, आणि... टिंग!

समोर कोण? आमची शेळी, डचेस! गळ्यात घंटी, आणि घंटी कशात ओवलेली? बिल्ला क्रमांक दोनशे बारा!

"माझ्याकडे काय बघताय?" रोवेना उसळली. "इतका चिवट पट्टा, टाकून द्यायचा?"

यंत्राच्या पडद्यावर अक्षरं उमटली. 'झाड दोनशे बारा. वाढ चालू.'

बाई शेळीकडे बघतायत, शेळी बाईंकडे... "बिल्ला मिळाला. झाडाचं काय?"

मी वही उघडली. 'चौदा जुलै. गारा बोराएवढ्या. सातव्या ओळीतलं तिसरं झाड मोडलं. वजन अकरा औंस. खतात पुरलं. संगणकात नोंद: उद्या.' बाईंनी पान उलटलं. पंधरा जुलै, 'नोंद: उद्या.' सोळा जुलै, 'उद्या.' पंच्याऐंशी दिवस, पंच्याऐंशी उद्या! मी म्हटलं, संपलो...

आणि बाई हसल्या हो! "साहेब, खोटी वही लिहिणारा माणूस स्वतःचा आळस इतक्या नेमानं लिहीत नाही. लागा कापायला!"

"ऐकलंस का गं रोवेना? वही जिंकली, वही!" मी असा ओरडलो, की पाच शेजारी कात्र्या घेऊन धावत आले. शेवटचं झाड छपराखाली गेलं सहा वाजून दहा मिनिटांनी. पहिला थेंब पडला सहा वीसला!

जाताना बाईंनी अहवालाची प्रत दिली. तशीच वहीत उतरवली आहे...

'कापणीला परवानगी. झाडं दोनशे अकरा. शेळी एक, झाड नाही. संगणकात नोंद: उद्या.'