माझ्या बदली मंगी गेली

मी मूळची वरच्या अंगाची, म्हणजे तलासरी सोडून उगवतीला गेलं की डोंगर लागतात ना, तिथली. खाली सपाटीला भात, वर उताराला नागली आणि मधी आमचं कुडाचं घर. बापाला शिकवायची हौस होती असं काय नाय, आश्रमशाळेत दोन वेळचं जेवण मिळतं म्हणून आम्हा बहिणींना घातलं, बाकीच्या पळून आल्या, मी टिकले. दहावी झाले तर बाप नुसता ताडी पिऊन आला आणि माझ्याकडं बघत बसला. मंग लगीन होऊन या पाड्यात आले, पोरगी झाली, अंगणवाडीत आधी मदतनीस लागले, मंग बारावी बाहेरून दिली आणि सेविका झाले. पाड्यातली सगळी मला सुरेखा म्हणायची, पोरं बाई म्हणायची. आता मोठी माणसंपण बाई म्हणतात, ते कसं झालं तेच सांगते तुम्हाला.

सेविकेची पर्यवेक्षिका व्हायचं तर पदवी लागते. आमच्या सुपरवायझर मॅडमच म्हणाल्या, तू कर, तुला जमेल, मुक्त विद्यापीठातून होतं, रविवारी तास असतात डहाणूला. गेले. खिडकीवरच्या बाईनं विचारलं, विषय कोणता, इतिहास का अर्थशास्त्र. मला वाटलं इतिहास म्हणजे सनावळ्या पाठ करायच्या, नको बाबा. म्हटलं अर्थशास्त्र. असं घेतलं मी अर्थशास्त्र, काय ठरवून नाय घेतलं.

पहिल्याच रविवारी वर्गाच्या दारात उभी राहिले तर शिपाई म्हणाला, पालकांनी बाहेर बसायचं. मी खरंच बाहेर जाऊन बसले हो. अर्धा तास बसले. मंग सर पाणी प्यायला आले, त्यांनी विचारलं, तुम्ही कोण, तेव्हा कुठं आत गेले, आणि सगळी पोरं माझ्याकडं बघायला लागली, कोण वाणगावची, कोण वरोरची, माझ्या पोरीएवढी. मला नुसती लाज. पण सर चांगले होते. ते भाकरीचं उदाहरण द्यायचे, भूक लागली की पहिली भाकर गोड लागते, दुसरी बरी लागते, पुढची नको वाटते, याला घटती सीमांत उपयोगिता म्हणतात. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, हे शिकायला तू डहाणूला जातेस? मी पण हसले. पण खरं सांगू, मला आवडायला लागलं. आपण रोज करतो त्याला पुस्तकात नाव असतं, हे कळलं की माणसाला जरा उंच झाल्यासारखं वाटतं. आणि तिथंच माझं बिघडलं.

आता आवणीचं सांगते, नायतर तुम्हाला कळायचं नाय. राबातली रोपं उपटून चिखलात लावायची ती आवणी. आमच्या पाड्यात आवणीला मजूर लावत नाय. आज सगळी माझ्या शेतात, उद्या सगळी तुझ्या, परवा तिसरीच्या. ज्याचं शेत असेल त्यानं दुपारचं जेवण घालायचं, भात आणि सुका जवळा, आणि घरटी एक माणूस गेलाच पाहिजे, मग तो म्हातारा असू दे नायतर हात दुखत असू दे. आदल्या संध्याकाळी ज्याचं शेत असेल तो दारोदार हाक मारून जातो, उद्या आमच्याकडं हां. बस, एवढंच.

मागल्या साली माझं शेवटचं वर्ष, आणि परीक्षा लांबत लांबत आवणीतच आली. माझा नवरा कंपनीत पाळीला जातो, त्याची सुट्टी आमच्या शेताला संपली. आमचं शेत झालं पहिलं. बारकी आजी सगळ्यांच्या आधी येऊन वाकली होती. बारकी आजी म्हणजे माझ्या सासूची मोठी जाऊ, पाड्यात वयानं मोठी तीच, घरात एकटी. तोंडानं फटकळ. मी लगीन होऊन आले तेव्हापासून मला शिव्या घालायची, ए सुरेखे, भात आहे का दगड शिजवलास, असं. माझं बाळंतपण तिनं केलंय.

आणि तिच्या शेताचा दिवस नेमका माझ्या पेपराचा दिवस आला. तिची हाक येणार ते मला ठाऊक होतं. तिच्याकडं जाऊन नुसतं सांगायचं होतं, आजी, माझा पेपर हाय. पण मला ते जड वाटलं. आपलं शेत पहिलं करून घेतलं आणि आता तोंड दाखवून नाय म्हणायचं, कसं म्हणू. आणि डोक्यात पुस्तक बसलेलं, भूमी, श्रम, भांडवल, एका मजुराच्या जागी दुसरा मजूर. म्हटलं घरटी एक माणूस पाहिजे ना, मी माणूस देते. हायवेकडच्या पाड्यातली मंगी म्हणून एक बाई, वाणगावला मिरचीच्या वाडीत रोजावर जाते, तिला सांगितलं, माझ्या बदली जा, रोजाचे पैसे मी देते. नवरा म्हणाला, असं कुणी करत नाय आपल्यात. मी म्हटलं, कुणी करत नाय म्हणून चुकीचं असतं का? त्याला शिकवायला लागले होते मी.

मी पहाटेची गेले पेपराला. पेपर बरा गेला. घरी आले तर कुणी काय बोललं नाय, मला वाटलं झालं काम.

दुसऱ्या दिवशी परत पेपर. जीपमध्ये मंगी भेटली, ती वाणगावला चाललेली. ती मला म्हणाली, बाय, तुमच्या पाड्यातली ती म्हातारी वेडी हाय का? मी म्हटलं, का गं? तर म्हणाली, मला कामच करू दिलं नाय. मी चिखलात उतरले तर हाताला धरून वर काढलं, बांधावर घोंगडी घालून त्यावर बसवलं, चहा दिला, जेवण पहिलं मला वाढलं, आणि माझ्या वाटची आवणी ती स्वतः करत होती, कमरेवर हात ठेवत ठेवत. मला बाय तिथं बसून मेल्यासारखं झालं. बाकीच्या बाया गाणी म्हणत होत्या त्यापण थांबल्या. मी म्हटलं, आजी, मी रोजावर आलेय, मला करू दे. तर म्हणते, मी जन्म काढला दुसऱ्याच्या चिकूच्या वाडीत रोजावर, माझ्या शेतात मी रोजाचं माणूस उभं नाय करणार.

काय सांगू तुम्हाला, जीपमधून उतरून परत जावं असं वाटलं. मंगी पुढं म्हणाली, आणि तुमची परीक्षा हाय ते तर त्यांना ठाऊकच होतं, म्हातारीच सगळ्यांना सांगत होती की सुरेखाला हाक मारू नका, तिचा पेपर हाय, तिच्या वाटची मी लावीन. म्हणजे बघा. आदल्या संध्याकाळी मी अभ्यासात बुडालेली, हाक आली का नाय तेपण बघितलं नाय. हाक येणारच नव्हती. त्यांनी मला सोडलं होतं, आणि मी तिथं मजूर पाठवली.

तशीच परीक्षेला बसले. प्रश्न आला, श्रमाची वैशिष्ट्ये लिहा. पहिलंच वैशिष्ट्य मला तोंडपाठ होतं, श्रम आणि श्रमिक यांना एकमेकांपासून वेगळे करता येत नाही. हे मी वर्षभर घोकलं होतं, नागली दळताना घोकलं होतं. लिहिलं मी ते. उदाहरणासकट लिहिलं. हात लिहीत होता आणि तोंड लाजेनं तापलं होतं, शेजारचा पोरगा विचारायला लागला, मॅडम, बरं नाय का? त्याच पेपरात मला सगळ्यात जास्त गुण पडले.

पेपर संपले तेव्हा पाड्यात एकच शेत राहिलं होतं, शेवटचं, माझ्या धाकट्या जावेचं. मी न बोलावता गेले, लुगडं खोचून, इरलं घेऊन. तर बांधावर प्लास्टिकची खुर्ची. अंगणवाडीतलीच, माझीच. बारकी आजी म्हणाली, बसा बाई, तुम्ही दमला असाल लिहून लिहून. मला वाटलं चेष्टा करते. तिच्या तोंडाकडं बघितलं तर चेष्टा नव्हती, त्याचं जास्त लागलं. मी उभी राहिले तर सगळ्याजणी काम थांबवून उभ्या राहिल्या. शेवटी बसले. बसूनच राहिले दुपारपर्यंत, मंगी जशी बसली होती तशी, आणि मलापण जेवण पहिलं वाढलं.

तुम्ही म्हणाल, जाऊन माफी मागायची. गेले ना. आजीच्या दारात गेले, म्हटलं, आजी, चुकलं माझं. तर म्हणाली, कसलं चुकलं बाई, तुमचं बरोबरच हाय, तुम्ही शिकलेल्या. आणि चहा टाकला. एक शिवी घातली असती तर मी तिथंच बसून रडले असते आणि मोकळी झाले असते. निकालपण लांबला, चैत्रात लागला तेव्हा पाड्यानं माझं कौतुक केलं, फुलांची माळ घातली. आजी तेव्हाच विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या जत्रेला जाऊन आली ती माझ्यासाठी नारळ घेऊन आली. म्हणाली, आपल्या पाड्याची बाई पदवीवाली झाली. लोक टाळ्या वाजवत होते आणि मी खाली बघत होते. सगळ्यांना वाटलं, किती साधी हाय बघा, जराही मिजास नाय.

या साली आवणीच्या आधी मी रोज संध्याकाळी दारात बसायची. आजीची हाक येते का नाय, तेवढंच डोक्यात. पहिल्या दिवशी तिची हाक शेजारच्या घरापर्यंत ऐकली, मंग पावलं थांबली. मंग आमच्या दाराशी येऊन म्हणाली, बाई, उद्या आमच्याकडं हाय, जमलं तर या. मी म्हटलं, येते. रातभर डोळा नाय लागला.

सकाळी गेले तर खुर्ची नव्हती. कुणाकडं न बघता उतरले चिखलात आणि लावायला लागले. कुणी थांबवलं नाय. बाया गाणं म्हणत होत्या, मी आधी ओठ नुसते हलवले, मंग जरा आवाज काढला. कंबर मोडून आली, सवय गेली होती माझी, पण मी दुपारपर्यंत वर झाले नाय. जेवायला बसलो सगळ्याजणी ओळीत, पानं मांडली, भात, जवळा, मिरची. सगळ्यांना सारखं. फक्त माझ्या पानावर एक स्टीलचा चमचा ठेवलेला. आमच्यात कोण चमच्यानं खातं? आजीनं तो तलासरीच्या बाजारातून खास आणला होता, वरचा कागद पण तसाच होता.

मी हातानंच जेवले. चमचा बाजूला ठेवला. जेवण झाल्यावर ओहोळावर नेऊन तो धुतला, पदरानं पुसला आणि आजीच्या हातात दिला, म्हटलं, आजी, मला नाय लागत हा. आजीनं माझ्याकडं बघितलं, माझे हात कोपरापर्यंत चिखलानं भरलेले, चमचा तेवढा चकचकीत. म्हणाली, राहू दे गं तुझ्याकडंच, पुढल्या साली येशील तेव्हा लागेल.

आता तो चमचा माझ्या घरी फळीवर हाय, तुम्ही बसलात ना, तुमच्या डोक्याच्या वरच. पदवीचा कागद पेटीत हाय, तो मी कुणाला दाखवत नाय. चमचा रोज दिसतो. बघितला की लाज वाटते, आणि ती पुढल्या साली येशील म्हणाली ते पण आठवतं. मी पुढल्या साली जाईन, चमचा घेऊन जाईन, ती ठेवेल तिथं ठेवू दे. आजी तेवढी राहिली पाहिजे तोपर्यंत, देवी तिला सुखात ठेवो.