अर्धी अर्धी गिटार

(कपडे शिवायचं दुकान, दुपारची वेळ. ताईचं दुकान. धाकटा भाऊ लोकांना गाडी चालवायला शिकवतो. आत्ता त्याच्या मांडीवर जुनी गिटार आहे.)

धाकटा : ...म्हणजे नाही ते नाहीच?

ताई : नाहीच. आणि ती गिटार टेबलावर टेकवू नकोस, खाली मखमल पसरलीये.

धाकटा : अगं, रविवारी बाबा ऐंशीचे होतायत. मी विचारलं, काय आणू? घड्याळ? नवा चष्मा? म्हणाले, काही नको, तुम्ही दोघं पूर्वीसारखी गिटार वाजवा एकदा. जन्मात पहिल्यांदा त्या माणसाने तोंड उघडून काही मागितलंय!

ताई : मग वाजव की तू.

धाकटा : मी? आणि उजवा हात कुणाचा लावू?

ताई : बायकोचा लाव.

धाकटा : तिचा हात माझ्या पाठीतच बसतो, आणि तोही तालात नाही. मस्करी पुरे. ताई, अख्ख्या जगात आपण दोघंच असे दिवटे आहोत, ज्यांना मिळून एक गिटार येते. मला नुसता डावा हात, तुला नुसता उजवा. परवा गाडीत एका शिकाऊ बाईंना सांगितलं, तर त्यांचा विश्वासच बसेना. म्हणाल्या, सर, असं कसं हो शिकलात?

ताई : काय सांगितलंस?

धाकटा : म्हटलं, भांडून.

ताई : एवढं मात्र खरं बोललास. चूक बाबांचीच. घरात प्रत्येक वस्तू दोघांत एक. एक सायकल, एक छत्री, एक कंपासपेटी. गिटार आणली, तीही एकच. वर म्हणाले, वाटून घ्या. गिटार काय चिक्की आहे?

धाकटा : पहिल्याच दिवशी ओढाताणीत तार तुटून माझ्या कपाळाला लागली होती.

ताई : खुंटी लागली होती. तार दुसऱ्या दिवशी तुटली, तीही तुझ्यामुळे.

धाकटा : बरं बाई, खुंटी. मग आईने गिटार उचलून कपाटावर ठेवली. म्हणाली, दोघं मिळून वाजवणार असाल तर खाली काढते, नाहीतर चालली भंगारात. आता तिला बिचारीला म्हणायचं होतं, आळीपाळीने वाजवा. आणि आपण काय केलं?

ताई : शेजारी शेजारी बसलो.

धाकटा : मधे गिटार! तिची मान माझ्याकडे, पोट तुझ्याकडे. मी डाव्या हाताने तारा दाबायच्या, तू उजव्याने छेडायच्या. आई बाहेर आली नि बघतच राहिली.

ताई : म्हणाली, घरात शांतता आहे ना, मग असू दे.

धाकटा : शांतता! समोरचे काका खिडकी लावून घ्यायचे.

ताई : ते तुझ्यामुळे. ‘विंचू’ तुला कधी म्हणून धड लागला नाही.

धाकटा : विंचू! अगं, तुझ्या लक्षात आहे?

ताई : न राहायला काय झालं? ‘बाक’, ‘जिना’, ‘विंचू’, ‘उलटी खुर्ची’. गिटारच्या पुस्तकातल्या सुरांच्या इंग्रजी नावांचं आपल्याला काय कळत होतं? तुझी बोटं तारांवर जशी दिसायची तसं मी नाव ठेवलं.

धाकटा : आणि मी शहाणा! वाद्यांच्या दुकानात जाऊन त्या दुकानदाराला म्हटलं, काका, माझा विंचू नीट लागत नाही, बोट फार ताणावं लागतं. त्याने आधी मला स्टुलावर बसवलं, मग पाणी दिलं.

ताई : आणि घरी फोन केला, मुलाला काहीतरी चावलंय म्हणून!

धाकटा : आई धावत आली होती. एका पायात चप्पल. काय मार खाल्लाय त्या दिवशी!

ताई : तुला माराची कमी कधीच नव्हती. गृहपाठ केला नाहीस तेव्हाचं आठवतंय? शाळेत सांगितलंस, तारांनी बोटं सोलली, लिहिता येत नाही.

धाकटा : सोललीच होती!

ताई : डाव्या हाताची, गाढवा. बाईंनी शांतपणे विचारलं, लिहितोस कुठल्या हाताने?

धाकटा : तू वर्गाबाहेर उभी राहून खिदळत होतीस. बरगड्यांचंही विसरलो नाहीये मी. बोटं बदलायची वेळ झाली की तुझं कोपर माझ्या बरगडीत.

ताई : मग काय करणार? तू एका जागी जो रुतून बसायचास तो हलायचाच नाहीस.

धाकटा : पण तेच कामाला आलं बघ. माझ्या गाडीत ब्रेक दोन. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, एक माझ्या. नव्या लोकांना धाकधूक वाटते, एक गाडी दोघांनी कशी चालवायची? मी म्हणतो, बसा निवांत, मी लहानपणापासून हेच करत आलोय. ...हसलीस! हसलीस म्हणजे हो.

ताई : हसले म्हणजे हसले. वाजवणार नाही.

धाकटा : कारण काय पण?

ताई : शाळेच्या गणवेशांची ऑर्डर आहे. दोनशे सदरे. वेळ नाही.

धाकटा : ते तर आत तुझ्या कारागीर बाई कापतायत. मी आल्यापासून तू खुर्चीवरून उठलेली नाहीस.

ताई : त्या कापतात, मी सांगते. सांगायला डोकं लागतं.

धाकटा : ताई.

ताई : काय?

धाकटा : मला माहितीये तू का नाही म्हणतेस.

ताई : ...काय माहितीये?

धाकटा : कॉलेजचं गॅदरिंग.

ताई : अरे देवा. कुठे पोचलास!

धाकटा : थांब, मला बोलू दे. इतकी वर्षं मी ते हसण्यावारी नेत आलोय. लोकांना रंगवून सांगतो. स्टेजवर एकटा गेलो, डावा हात झकास चालला होता, उजव्याने नुसतं खरवडत होतो, हॉल हसतोय, आणि नवव्या रांगेतून माझी बहीण उठली, तरातरा स्टेजवर आली, म्हणाली, सरक तिकडे. टाळ्या!

ताई : मग? झालं होतंच तसं.

धाकटा : पण त्याच्या आदल्या दिवशीचं मी कुणाला सांगत नाही. तू नवा ड्रेस शिवला होतास. रात्रंदिवस बसून. आणि मी आरशासमोर उभा राहून तुला म्हटलं, तू नको येऊस. बहिणीबरोबर एका गिटारवर बसलो तर लोक हसतील, पोरींसमोर माझी लाज जाईल. तू ड्रेस घडी करून ठेवलास नि भांडी घासायला गेलीस. आणि तरी दुसऱ्या दिवशी स्टेजवर आलीस. चुकलो गं मी. तेव्हाच म्हणायला हवं होतं. मनात ठेवलं असशील तर तुझं बरोबरच आहे. पण बाबांसाठी, एकदाच...

ताई : बाळ्या, गप्प बस.

धाकटा : नाही, मला माफी...

ताई : गप्प बस म्हणते ना! त्याचा काही संबंध नाही. तुझी माफी मी अशी फुकटात खिशात घालू? तेवढी नीच नाहीये मी. वाईट वाटलं होतं, हो. खूप वाटलं होतं. पण तू स्टेजवर फजिती करून घेतलीस तेव्हाच फिटलं ते.

धाकटा : मग झालंय काय?

ताई : हात दे तुझा. हा माझा उजवा हात. मी दाबतेय. कळतंय काही?

धाकटा : दाब की.

ताई : दाबतेय.

धाकटा : ...ताई?

ताई : एवढाच जोर आहे. अंगठा आणि ही दोन बोटं माझं ऐकत नाहीत. कात्री धरली की गळून पडते. चार महिने झाले.

धाकटा : चार महिने! कशाने?

ताई : जिन्यावरून घसरले. मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, पण आतली नस दबलीये.

धाकटा : थांब थांब. तू मधे दीड महिना मैत्रिणीकडे गेली होतीस ना? कसल्याशा प्रदर्शनाला?

ताई : कसलं प्रदर्शन! घरात बसले होते हात गळ्यात अडकवून.

धाकटा : आणि मला फोनवर सांगत होतीस, हॉलमध्ये गर्दी आहे, नंतर बोलते!

ताई : टीव्हीचा आवाज मोठा करत होते.

धाकटा : धन्य आहे! सख्खा भाऊ दोन बस-थांब्यांवर राहतो, दिवसभर गाडीतच असतो, आणि तू... का नाही सांगितलंस?

ताई : तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही. तुला सांगितलं की तुझ्या शिकाऊ बायकांना कळणार, त्यांच्यातल्या निम्म्या माझ्याकडून कपडे शिवून घेतात. शिवणारणीचा हात गेला, ही बातमी काय वेगाने फिरेल? दुकान बंद करायला एक आठवडा पुरे. सध्या तोंडाने शिवतेय मी. बाई कापतात, मी बाजूला उभी राहून हुकूम सोडते. लोकांना वाटतं, मोठी झाली, आता स्वतः हात लावत नाही.

धाकटा : डॉक्टर काय म्हणतात?

ताई : व्यायाम करा म्हणतात. सहा महिने, वर्ष. पूर्वीसारखा होईल का विचारलं, तर चष्मा पुसत बसले.

धाकटा : मला सांगायचंस गं.

ताई : भीती वाटत होती, बाळ्या. तुला सांगितलं की खरं होणार. आणि बाबांसमोर बसून गिटारवर हात टाकायचा, आणि त्यातून काहीच निघालं नाही, तर? आईनंतर त्यांनी बघितलेलं सुख म्हणजे आपण दोघं. त्यांच्या तोंडाकडे मला बघवलं नसतं.

धाकटा : ऊठ.

ताई : आता कुठे?

धाकटा : माझ्या जागेवर ये. मी तुझ्या. डावा शाबूत आहे ना?

ताई : अरे, पण डाव्याला माझ्या काय येतंय!

धाकटा : माझ्या उजव्याला तरी काय दिवे लावता येतात? अख्ख्या कॉलेजने बघितलंय. सरक. घे, मान तुझ्याकडे. सोपं आहे, ‘बाक’ लाव. मधलं बोट वरून दुसऱ्या तारेवर. तिथे नाही, एक घर पुढे. आता त्याच्या शेजारचं बोट तिसऱ्या तारेवर. दोघं बाकावर बसल्यासारखे.

ताई : आई गं! हे असं टोचायचं तुला?

धाकटा : चार वर्षं. आणि तू म्हणायचीस, नाटकं करतोय.

ताई : वाजव एकदाचं.

धाकटा : वाजवतो. एक, दोन...

ताई : हे काय होतं?

धाकटा : कपाट सरकवल्यासारखं वाजलं नाही?

ताई : कपाट बरं! मनगट सैल सोड, खांद्यातून काय मारतोस? पीठ चाळतोस तसं हलकं. पुन्हा.

धाकटा : एक, दोन...

ताई : बघ, आतून बाई विचारतायत, मशीन बिघडलं का म्हणून. अहो बाई, काही नाही, आमचे बंधू आलेत!

धाकटा : हस, हस. पण दोन तारा नीट वाजल्या. मी ऐकल्या.

ताई : रविवारी हे असं वाजवायचं? बाबा उठून जातील.

धाकटा : त्यांच्या कानातलं यंत्र मी आधीच काढून ठेवीन. ते बघायला बसणार आहेत गं, ऐकायला नाही. म्हणजे येतेस?

ताई : ...येते. पण हाताचं बाबांना मी सांगणार. तू नाही. तुझ्या बायकोलाही नाही, शिकाऊ बायकांना तर मुळीच नाही.

धाकटा : मेलो तरी नाही. आणि व्यायामाला कशी जातेस?

ताई : बसने.

धाकटा : उद्यापासून बस बंद. वेळ सांगून ठेव. चल, पुन्हा बाक. नीट दाब. हं, आता बोटं बरोबर आहेत, पण तुझी बाही मधे येतेय. तारांवर लोंबतेय, म्हणून आवाज मरतोय. बटण लाव ना तेवढं.

ताई : डाव्या बाहीचं बटण उजव्या हाताने लावतात.

धाकटा : म्हणजे रोज अशीच लोंबते?

ताई : असा बघू नकोस. दातांनी लावून बघितलं, नाही जमत.

धाकटा : मग बाईंना सांगायचं.

ताई : काय सांगू? मी मालकीण, जन्मभर दुसऱ्यांच्या बाह्या मापतेय, जरा माझं बटण लावून द्या?

धाकटा : आण इकडे हात.

ताई : राहू दे रे.

धाकटा : आण म्हणतो ना. ...झालं. घट्ट नाही ना लागलं?

ताई : नाही. बरोबर बसलंय.