सटवातात्या नावं ठेवत न्हाईत

(बीड जिल्ह्यातलं एक गाव, बिरोबाची जत्रा. वैशाखातली सकाळ. देवळाच्या पायरीजवळ सुकन्याचं भज्याचं पाल. बाकड्यावर म्हातारा सटवा धनगर एकटाच, पुढ्यात रिकामी प्लेट.)

सुकन्या : 'बरे हायेत'? एवढंच?

सटवा : बरे हायेत म्हनलं ना, पोरी. मीठ हाय, मिरची हाय. अख्खी प्लेट खाल्ली की म्या.

सुकन्या : तात्या, हळू बोला! कुणी ऐकलं तर मला आत्ताच पाल गुंडाळावं लागेल.

सटवा : चांगलं म्हनलं तर पाल गुंडाळायचं? लई उलटी दुनिया झाली.

सुकन्या : उलटी तुमीच केलीय. चाळीस वर्षं ह्याच बाकड्यावर बसून माझ्या सासूबाईच्या भज्याला शिव्या दिल्या, आन् लोकांनी तीन-तीन दिवस रांगा लावून खाल्ले. गेल्या साली त्या जिलेबीवाल्याला तुमी 'ठीक हाय' म्हणालात. दुपारच्या आत त्यानं कढई टेम्पोत टाकली आन् गेला.

सटवा : त्याच्याकडं तेवढा टेम्पोच चांगला होता.

सुकन्या : मस्करी नगा करू. सासूबाईमागं माझी पहिली जत्रा हाय. नावं ठेवा. त्यांच्या भज्याला ठेवायचात तशी.

सटवा : तुझ्या सासूची, बायनाबाईची गोष्ट येगळी. तिचं एक भजं माझ्या हातातून निसटलतं, ते माझ्या मेंढरानं खाल्लं. उठलं ते थेट नारायणगडाला गेलं. तिसऱ्या दिशी परत आलं ते माळकरी होऊन. मरंपातूर त्यानं दुसऱ्याच्या रानातल्या काडीला तोंड लावलं न्हाई. आमच्या वाड्यावर त्याला बुवाच म्हनायचे.

सुकन्या : बघा! असं! हेच माझ्या भज्यावर बोला की.

सटवा : तुझ्या भज्यावर मेंढरू उठायचं न्हाई.

सुकन्या : म्हणजे?

सटवा : म्हंजी... बरे हायेत.

मोहनराव (जत्रा कमिटीचे अध्यक्ष, पालाशी येत) : काय तात्या, झाला का कार्यक्रम? पोरं मोबाईल काढून पारावर बसलीत. अकराला मानाची काठी येणार, त्याच्या आत शिव्या उरकायला पाहिजेत. कमिटीनं पत्रिकेत छापलंय, 'सकाळी दहा वाजता, सटवातात्यांचा भज्यांना परखड आहेर.'

सटवा : बघितली पत्रिका. बिरोबाचा फोटू टिकलीएवढा आन् तुमचा परातीएवढा. देवानं तुमाला नवस केलता का, अध्यक्षसाहेब?

मोहनराव : तो कार्यकर्त्यांनी टाकला परस्पर. आपण कुठं असल्या गोष्टीत पडतो?

सटवा : न्हाई, तुमी कुठं पडता! यंदाची जत्राच बघा ना. रसवंतीवाला उसापरीस बरफ जास्त पिळतोय. गोडीशेव अशी, की फोडायची तर आधी तहसीलदाराची परवानगी काढावी. कुल्फीवाल्यानं दुधाला फकस्त लांबून रामराम घातलाय. आन् तुमच्या पुतन्यानं, त्या विजयसिंहानं, चायनीजचा गाडा लावलाय. गांडुळं कढईत नाचवितो आन् वर कोबी पेरितो.

मोहनराव : विजयसिंहच्या गाड्याचं नाव काढायचं काम नाही हां.

सटवा : भिऊ नगा. त्याच्याबद्दल म्या चांगलंच बोलनार हाय. चारचौघात, पारावर उभं ऱ्हाऊन.

मोहनराव : अहो, नको! पाया पडतो, नको! तात्या, पोराचं नवीन आहे सगळं.

सटवा : बरं, न्हाई बोलत.

मोहनराव : आणि हे बघ सुकन्या, बायनाबाईची जागा म्हणून पायरीजवळ तुला दिली. दहा वाजून गेले, पालात माशी नाही. बारापर्यंत गर्दी दिसली नाही तर विजयसिंह गाडा इथं आणील. तू सरक कुस्तीच्या मैदानामागं.

सुकन्या : तिथं तर माणसं लघवीला जातात, अण्णा.

मोहनराव : गर्दी तर असती ना! बघ मग. मी काठीच्या तयारीला चाललो.

सटवा : गेला. चालतो बी असा, जनू आकाशपाळना त्याच्याच बापानं शोधला.

सुकन्या : त्याला सोडा. माझं बघा. काल ऊसतोडीचा मुकादम येऊन गेला. 'दिवाळीनंतर दोघांचा कोयता धरू का' म्हणून नवऱ्याला इचारत होता. मी म्हणलं, जत्रा होऊ द्या. जत्रा चालली तर नाव होईल, मग उमापूरच्या बाजारात दर आठवड्याला पाल टाकीन. न्हाई चालली तर मी उसाच्या फडात. लेकीचं, आरोहीचं नाव औंदा शाळेत घातलंय. तिला काय पाचटावर बसवून बाराखडी शिकवू?

सटवा : हे कावून सांगितलंस मला? आता तर माझ्या तोंडून शिवी निघायची न्हाई.

सुकन्या : कावून न्हाई? दोन शब्द वाईट बोलायला काय जातं तुमचं?

सटवा : जे खरंच वाईट हाय त्याला वाईट म्हनायला मला जमत न्हाई, पोरी. जलमात जमलं न्हाई.

सुकन्या : खरंच वाईट?

सटवा : बायनाबाईचं भजं तोंडात गेलं की मानूस गप व्हायचा. पर तिला तोंडावर चांगलं म्हनलं असतं तर पुढच्या साली तिनं बेसनात मक्याचं पीठ घातलं असतं. म्हनून शिव्या. ती बी मला सोडायची न्हाई. 'मेंढरासंगं ऱ्हाऊन जीभ बी मेंढराची झाली,' म्हनायची. लोकाला ते कळलं. सटवा तोंड सोडतो तिथं खायचं, गोड बोलतो तिथून सटकायचं.

सुकन्या : मग तो जिलेबीवाला...

सटवा : डालडा पाकात बुडवून इकत होता बिचारा. चेहऱ्यानं लई गरीब. कसं बोलू त्याला?

सुकन्या : आन् माझे भजे?

सटवा : बरे हायेत.

सुकन्या : तात्या!

सटवा : तेल पितेत. मला इच्यारशील तर तुझं एक भजं पिळलं की त्या तेलावर हिरीवरचा पंप चालंल. सोडा किती घातलास?

सुकन्या : बीडच्या स्टँडसमोर घालतात तेवढाच. फुगतात छान.

सटवा : फुगायला काय, अध्यक्ष बी फुगतेत. बायनाबाईनं कधी सोड्याची पुडी पालात येऊ दिली का?

सुकन्या : मला काय माहीत? सात वर्षं मी नुसते कांदे चिरले इथं. पीठ कालवायची येळ झाली की माझ्याकडं पाठ करून बसायच्या. सून म्हणजे चोर! जाताना डबे दिले, कढई दिली, माप सांगितलं न्हाई.

सटवा : तुझ्याकडं पाठ, म्हंजी तोंड कुनाकडं?

सुकन्या : कुणाकडं म्हणजे? हिकडं... बाकड्याकडं.

सटवा : चाळीस साल.

सुकन्या : तुमाला माहीत हाय? आन् मघापासून नुसतं 'बरे हायेत, बरे हायेत' करून बसलात?

सटवा : मेंढरं राखनाऱ्याला भज्याचं कोन इच्यारतंय? तू शिव्या मागितल्यास, माप कुठं मागितलंस? फेक ते पीठ. कांद्याला आधी मीठ चोळ आन् गप बस. हात लावू नगस. त्याला पानी सुटंल, त्याच्यातच पीठ कालवायचं. वरून पान्याचा थेंब न्हाई.

सुकन्या : कोरडं व्हईल ते.

सटवा : सासूसंगं बी अशीच भांडत असशील, म्हनून तिनं पाठ केली. ओवा तळहातावर रगड. आता कढईतलं कडक तेल, दोन पळ्या, पिठात. चर्र वाजलं पायजे. वाजलं का?

सुकन्या : वाजलं.

सटवा : जाळ कमी कर. भजं तळायचंय, होळी न्हाई पेटवायची. आता सोड.

सुकन्या : घ्या. हे बघा, सरळ तोंडावर सांगा. खोटी शिवी द्यायची न्हाई. वाईट असतील तर म्हणा 'बरे हायेत', मी आपली कोयता धरते.

सटवा : हं.

सुकन्या : काय 'हं'? गप का झालात? तात्या? पाणी देऊ?

सटवा : मोहनराव! ओ अध्यक्ष! पारावरचे सगळे हिकडं या बे! बघा ह्या बाईचे धंदे! हे काय भजे हायेत? पह्यलं तोंडात गेलं आन् बावीस सालामागं मेलेला माझा बाप कानाशी येऊन म्हनला, 'सटवा, मला ठिवलंस का रं एखादं?' मेलेली मानसं उठवायला लागली ही, सरकारला कळवा! दुसरं चावलं तर आवाज गेवराईच्या ठान्यात गेला, फौजदार निघालाय बंदूक घेऊन! हिच्या सासूनं चाळीस वरीस माझ्या आतड्याचा सत्यानास केला. मेली म्हनलं, सुटलो. तर ही अवदसा मागं ठिवून गेली! खाऊ नगा बे कुनी! ह्ये खाल्लं की घरच्या भाकरीवरनं मन उडतं, बायका तुमाला घरात घ्यायच्या न्हाईत! आन ते उरलेले हिकडं. लोकाच्या लेकरायच्या तोंडात पडू नयेत म्हनून म्याच संपवितो, मरू दे मला!

सुकन्या : मेंढराच्या जिभेच्या म्हाताऱ्या! चव कळती का तुला? फुकट प्लेट गिळून वर आणि बोलतोस? ऊठ माझ्या बाकड्यावरनं, गिऱ्हाईकाला बसू दे!

सटवा : आता ग्वाड वाटलं कानाला. बोल अजून.

मोहनराव : अरे, लाईन लावा! लाईन! ए पोरांनो, काठीला वाट सोडा! ढकलू नका, सगळ्यांना मिळंल! सुकन्या, कमिटीच्या दहा प्लेटा आधी काढ. आणि कुणीतरी विजयसिंहला सांगा, गाडा आहे तिथंच राहू दे.

सटवा : तुमी कावून लाईनीत, अध्यक्ष? घरचा गाडा हाय की तुमचा.

मोहनराव : तात्या, जरा सरका. एक भजं द्या तुमच्यातलं.

सटवा : हात काढा. ए पोरी, रद्दीचा एक कागद दे हिकडं.

सुकन्या : हात रिकामा न्हाई, तात्या. घ्या त्या डब्यावरचा. कागद कशाला?

सटवा : बांधून न्यायला. आमची म्हातारी, रतनबाई, दोन साल झाले खाटंवर हाय, तिला कुठली जत्रा? तिला बी दावतो, किती वाईट असतेत भजे.

सुकन्या : थांबा, ताज्या घाण्यातले देते. दोन मिनिटं.

सटवा : दे. पर दोनच मिनिटं. गरम हायेत तवर पोचायचं हाय.