चुरी कोणाच्या हातची

—माझंच नाव दिलं तिनं? नीट आठवून सांगा, खाजाभाई. ‘मशीनवरून मला का काढलं ते माझ्या बापालाच इचारा’ — असं म्हणली सिंधु? हाव... म्हणली असंल. लेकच हाय माझी.

बसा. नायगावच्या तुमच्या नव्या गिरणीत तिला घ्यायची, म्हणून एवढं लातूरला आलात, तर सांगतो. इथल्या डाळीच्या गिरणीत मी मुकादम होतो, वीस वर्सं. बाया खाली बसून डाळ निवडायच्या, मशीनवर गडी — कोणी ठरवलं तसं? कोणीच न्हाई. आमीच. मशीनवर माझा पोरगा भागवत, महिन्याच्या पगारावर. सिंधु त्याच्या मदतीला — पण तिला रोजगार निवडणाऱ्या बायांचाच. अन् मशीन खरं चालवायची ती. रोलरचा आवाज ऐकून सांगायची, दादा, डाळ फुटून राहिली, ढिला कर. मला ठावं होतं का? होतं की. रोज बघायचो.

एकदा तूर ओलसर होती. ती म्हणली, अजून एक ऊन खाऊ द्या. भागवतला घाई — त्यानं रोलर आवळला, अन् मोबाईल घिऊन भाईर गेला. डाळ कुठली, सगळी फुटून चुरीच पडली! मालकानं इचारलं, मुकादम, कोणाच्या हातून झालं? अन् मी — तुमी नका खाली बघू, खाजाभाई, खाली मी बघायचं — मी म्हणलो, सिंधूच्या. म्हणलं, पोराचा पगार जाईल, पोरीचं काय, निवडायला बसंल... बसली. नुस्ती माझ्याकडं बघितली. त्या दिसापासून मशीनला बाईनं हात लावायचा न्हाई, असा मालकाचा हुकूमच झाला.

मग काय, भागवत एकटा. चुरी वाढत गेली, व्यापारी तुटले, गिरणीला कुलूप लागलं. तीस बाया घरी बसल्या — अन् लोकं म्हणत्यात, बाईनं मशीनला हात लावला तवापासून बरकत गेली. मी ऐकून घेतो.

घ्या तिला. मशीनवरच घ्या, अन् मशीनवाल्याच्याच पगारावर, माझ्यावानी करू नका. काय? हेच तिच्यासमोर सांगू?... सांगतो की. सांगायलाच पायजे. सिंधे! ए सिंधे, भाईर ये बाई. हे नायगावचे खाजाभाई. मला इचारून राहिले, त्या दिशी ती चुरी... कोणाच्या...

चहा ठेव, बाई. साखर जरा जास्त टाक.